वाढ्यांवरची म्हैस माजावर येत नाही

प्रश्न (माळशिरस तालुका):
आमची तिसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस व्याल्याला सात महिने झाले, तरी माजाचे एकही स्पष्ट लक्षण दिसलेले नाही. विताना जार अडकण्याचा त्रास झाला होता. अलीकडे ती दावे चघळते, भिंत चाटते आणि पाठीवरचे केस तांबूस पडले आहेत. कारखाने सुरू असल्याने तीन महिने वैरण म्हणजे उसाचे वाढेच (शेंड्याकडचा हिरवा पाला); जोडीला सरकी पेंड आणि मीठ. शेजारी चुनखडी चारायला सांगतात. द्यावी का?

प्रतिसाद १ (पशुवैद्यक):
दावे चघळणे ही बहुधा स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेची आणि केसांचा काळेपणा जाणे ही तांब्याच्या कमतरतेची खूण असते. वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे पोटात गेलेले कॅल्शियमही पुरते अंगी लागत नाही. चुनखडीने तेवढी एक उणीव भरेल, परंतु स्फुरद आणि तांबे तिच्यातून मिळणार नाही; मिठातून तर नाहीच.

तरीही सुरुवात खनिज मिश्रणाच्या पिशवीपासून करू नये. जार अडकलेल्या म्हशीच्या गर्भाशयात कधी कधी पू साचून राहतो, त्यामुळे बीजांडावरील पीतपिंड (माजानंतर बीज सुटले की त्या जागी तयार होणारी गाठ) विरत नाही आणि माज थांबतो. अशा वेळी महिनोन्महिने खनिजे चारूनही उपयोग होत नाही. म्हणून आधी तपासणी करून घ्या.

प्रतिसाद २ (दूध उत्पादक, सांगोला):
मिश्रण रोज ५० ग्रॅम द्यायचे असते. मी ते मुठीने घालत असे. एकदा काट्यावर टाकले तेव्हा मूठ जेमतेम २० ग्रॅमची निघाली. शिवाय पंधरा दिवसांत गुण दिसेना म्हणून बंदही केले होते. पुढच्या खेपेस भिजवलेल्या पेंडीतून नेमाने दिले, स्फुरदासाठी गव्हाचा कोंडा वाढवला, तेव्हा अडीच महिन्यांनी म्हशीने सोट (माजाचा चिकट स्राव) टाकला. म्हशीचा माज बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्ता:
आज तपासणी झाली. गर्भाशय स्वच्छ असून डाव्या बीजांडावर पीतपिंड आहे. म्हणजे बीज सुटत होते; माज मुका (बाहेर लक्षणे न दाखवणारा) होता आणि तो आम्हीच चुकवत होतो. दहा दिवसांनी पुन्हा दाखवायचे आहे. वाढे निम्मे करून ज्वारीचा कडबा सुरू केला आहे, मिश्रण काट्यावर मोजून देतो, आणि पहाटे चारला गोठ्यात फेरी मारतो.