शब्दचर्चा: हट्टी, व्रात्य आणि 'त्याला बसवत नाही'

पानभर
भावनिक आणि वर्तनविषयक अडचणी असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक पुस्तिका मराठीत करतो आहे. हे पहिलं वाक्य लिहितानाच हात जड झाला. रात्री साडेअकराला फुटलेल्या काचा गोळा करून जो बाप नुकता टेकलाय, तो 'वर्तनविषयक अडचणी' वाचून पुढचं पान उलटेल असं वाटत नाही. घरात वापरले जाणारे शब्द आहेतच: हट्टी, द्वाड, वांड, आडमुठा, लाडावलेला, आक्रस्ताळा. ते लगेच कळतात, पण प्रत्येकात निकाल आधीच लागलेला असतो. मधलं काही आहे का? मुख्य अडचण या इंग्रजी शब्दांची: बिहेविअर, टँट्रम, मेल्टडाउन, रेग्युलेशन (भावनांचं), काउन्सेलिंग, सपोर्ट, रेस्पाइट (सांभाळणाऱ्याला मिळणारी थोड्या वेळाची मोकळीक).

मुळाक्षर
तुमच्या यादीत 'व्रात्य' राहिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत बोलका आहे. अथर्ववेदाचं १५वं कांड व्रात्याचं. तिथे त्याचा गौरवच आहे. स्मृतींपर्यंत येताना अर्थ फिरला. ठरलेल्या वयापर्यंत (ब्राह्मणाला १६, क्षत्रियाला २२, वैश्याला २४) उपनयन झालं नाही, तर तो व्रात्य. म्हणजे वेळेत संस्कार न झाल्यामुळे बाहेर काढलेला. मराठीत हा शब्द खोड्या करणाऱ्या पोरावर येऊन बसला. मूळ अर्थ आज कुणाच्या डोक्यात नसतो, तरी 'व्रात्य आहे'च्या पाठोपाठ 'घरात संस्कार नाहीत' हे येतंच. मुलाला एक शब्द आणि आईबापांना अख्खं वाक्य.

काठावरचा
इंग्रजीवाल्यांचंही फार बरं चाललंय असं नाही. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्याचा शब्दप्रयोग होता 'नैतिक नियंत्रणातला दोष'. इंग्लंडच्या शाळांत १९४५ पासून 'मॅलअ‍ॅडजस्टेड', म्हणजे जुळवून न घेणारी मुलं, असा सरकारी वर्गच होता. तिथल्या २०१४ च्या नियमावलीत, तोवर बदललेल्या त्या वर्गाच्या नावातून 'वर्तन' काढलं आणि 'मानसिक आरोग्य' घातलं. अमेरिकेच्या १९७५ च्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात 'सिरियसली इमोशनली डिस्टर्ब्ड', म्हणजे भावनिकदृष्ट्या गंभीर बिघडलेली, असं होतं. त्यातलं 'सिरियसली' १९९७ मध्ये गेलं. शंभर वर्षं पाटी बदलणं चालू आहे.

रोखठोक
पाटी बदलून काय होतं? माझ्या पुतण्यानं धाकट्या बहिणीच्या तोंडावर डबा फेकून मारला. त्याला 'भावना व्यक्त करतोय' म्हणायचं का? शब्द मऊ केले म्हणून मार लागायचा थांबत नाही.

एक_आई
नऊ वर्षांच्या मुलाची आई आहे, म्हणून लिहिते. रोखठोक, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. 'डबा फेकून मारला' असं तुम्ही लिहिलंत, 'हिंसक आहे' असं नाही. आम्हाला समुपदेशकांनी पहिल्या दिवशी एक वही करायला सांगितली. तीन रकाने: आधी काय चाललं होतं, त्यानं नेमकं काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. मी मधल्या रकान्यात 'हट्टीपणा केला' लिहून नेलं. त्यांनी खोडलं. 'उद्धटपणा' लिहिलं, तेही खोडलं. 'दप्तर भिंतीवर आपटलं, दोनदा' हे मात्र राहू दिलं. विशेषणं काढल्यावर वही मऊ झाली नाही हो, उलट कडक झाली. आणि तीन आठवड्यांनी दिसलं की बहुतेक वेळा पहिल्या रकान्यात एकच गोष्ट आहे: हातातलं काम अर्धवट सोडून दुसरीकडे चल म्हटलं होतं. 'हट्टी' लिहीत बसले असते तर हे कधीच दिसलं नसतं.

आणखी एक. 'तो बसत नाही' म्हणायचं मी सोडलंय. 'त्याला बसवत नाही' म्हणते. त्यातला फरक मला समजावता येत नाही, पण घरात तो जाणवतो.

मुळाक्षर
ही शक्य क्रियापदं. कर्त्याला 'ला' लागतो आणि करण्याची ताकद आहे की नाही एवढंच क्रियापद सांगतं: त्याला बसवत नाही, त्याला राहवत नाही, त्याला आवाज सोसवत नाही. 'बसत नाही'मध्ये मर्जीचा प्रश्न आहे, 'बसवत नाही'मध्ये कुवतीचा. पालकांना शिकवायला वर्ग घेतात तो सगळा 'करत नाही' आणि 'जमत नाही' यांतला भेद मराठीनं एका 'व'वर तोलून धरलाय. गंमत अशी की 'आई त्याला बसवते' हे प्रयोजक रूपही तसंच दिसतं. त्याला बसवत नाही म्हणून आईला बसवावं लागतं.

भावनांचंही तसंच. मराठीत राग येतो, रडू येतं, भीती वाटते. माणूस ते करत नाही, ते त्याच्याकडे येतं. 'बिनसलं' हे क्रियापद तर पुस्तिकेत हवंच. 'आज काहीतरी बिनसलंय' या वाक्यात आरोपी शोधून सापडत नाही.

रोखठोक
मान्य. 'मारलं' हे 'मारलं'च लिहा, एवढंच माझं म्हणणं होतं. 'त्याला मारावंसं वाटलं' असलं काही नको.

पानभर
नाही येणार. बरं, 'बिहेविअर'साठी 'वर्तन' की 'वागणूक'? 'वर्तन' मला चारित्र्याच्या दाखल्यातलं वाटतं. 'गैरवर्तन' तर थेट चौकशी समितीतलं.

काठावरचा
डोळे मिटून 'वागणूक'. तो दोन्हीकडून चालणारा शब्द आहे. मुलाची वागणूक असते, आणि मुलाला वागणूक मिळतेही.

मुळाक्षर
टँट्रमसाठी 'आकांडतांडव' सुचवणार होतो. मूळ संस्कृत 'अकांड' म्हणजे अवेळी, कारण नसताना. अवेळी केलेलं तांडव. पण कारण नसताना हेच इथे खोटं आहे. कारण असतं, ते एक_आईंच्या पहिल्या रकान्यात आहे. तेव्हा तो बाद.

'त्रागा' मात्र पाहा. गुजरात-काठेवाडकडचे भाट-चारण देणं वसूल करायला किंवा अन्याय थांबवायला स्वतःच्याच अंगावर वार करून घेत, प्रसंगी जीव देत, म्हणजे त्याचं पाप समोरच्याला लागेल. तो त्रागा. स्वतःला इजा करून दुसऱ्याला भाग पाडायचं. जमिनीवर डोकं आपटणाऱ्या पोराला हा शब्द लावला की अंगावर काटा येतो, पण बसतो.

एक_आई
बसतो, पण सगळ्याला नाही. आमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं असतात. एकात मागणी असते: मोबाइल हवा, आत्ता हवा. मध्येच एक डोळा माझ्याकडे असतो, मी खोलीबाहेर गेले की आवाज उतरतो. हा त्रागा म्हणा. दुसऱ्यात मागणी नसते किंवा कधीच वाहून गेलेली असते. मोबाइल हातात दिला तरी तो फेकतो. तेव्हा त्याला मी दिसतसुद्धा नाही. गर्दी, आवाज, अचानक बदललेला बेत, काहीही पुरतं. त्याला आम्ही 'बिथरला' म्हणतो. पहिल्यात मी नमले तर पुढच्या वेळी तो आणखी मोठा होतो. दुसऱ्यात नमण्यासारखं काही नसतंच. दिवा मंद करायचा, बोलणं थांबवायचं, कुणाला लागणार नाही एवढं पाहायचं. कधीकधी पहिल्याचंच दुसरं होतं, तेव्हा मलाही कळत नाही काय करावं.

काठावरचा
त्या नमण्याला शास्त्रात नाव आहे. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८२ च्या ग्रंथात 'कोअर्शन' हा शब्द वापरलाय. मूल ओरडतं, आई मागणी मान्य करते, ओरडणं थांबतं. मूल शिकतं की ओरडल्यावर मिळतं, आई शिकते की दिल्यावर शांतता मिळते. दोघांना तत्काळ बक्षीस, म्हणून चक्र सुटत नाही. मराठीत 'जबरदस्तीचं चक्र' म्हणतात, पण मला 'वेठीला धरणं' जास्त पटतं. कारण दोघंही धरलेले असतात.

पानभर
टँट्रमला 'त्रागा' आणि मेल्टडाउनला 'बिथरणं' घेतले. रेग्युलेशन? सगळीकडे 'भावनिक नियमन' दिसतंय आणि मला चौकातला शिट्टीवाला हवालदार आठवतोय.

मुळाक्षर
'आवरणं'. पसारा आवरतात, केस आवरतात, राग आवरतात. 'आवर लवकर' म्हणजे तयार हो. सगळी शिकायची, हळूहळू जमणारी कामं. आणि जोडीला 'सावरणं' आहे. स्वतःला आवरता येण्याआधी मुलाला कुणीतरी बरीच वर्षं सावरावं लागतं.

रोखठोक
'समुपदेशन'बद्दल कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलाय. आधीच सगळं गाव उपदेश करतंय, त्यात हा फी घेऊन.

एक_आई
हसू नका, आमच्या घरी हेच वाक्य झालं आणि आम्ही चार महिने उशिरा गेलो. गेल्यावर उपदेश नव्हताच. मुलापेक्षा आम्हालाच जास्त काम लावलं: एका वेळी एकच सूचना, ती थोडक्यात, 'नीट वाग' नाही तर 'बूट रॅकवर ठेव'. ठेवला की लगेच, नेमकं कशाबद्दल ते सांगून शाबासकी. रोज दहा मिनिटं तो सांगेल तो खेळ, त्यात प्रश्न नाहीत, शिकवणं नाही. याला 'सराव' म्हटलं असतं तर आम्ही लवकर गेलो असतो. पुस्तिकेत 'समुपदेशन' शब्द ठेवा, बाहेर पाटीवर तोच असतो. पण आत काय होतं ते शेजारी लिहा.

'सपोर्ट'ला 'आधार' नको, त्यात मी पडलेली दिसते. 'पाठबळ' भाषणातलं. 'हातभार' चालेल. हातभार लावणारा ओझं उचलून पळत नाही, आणि ओझं जड का केलंत असंही विचारत नाही. माझ्या बहिणीनं दर शनिवारी तीन तास मुलाला सांभाळायचं ठरवलं, तो खरा हातभार. पहिल्या शनिवारी मी नुसती झोपले.

काठावरचा
मग रेस्पाइटचं उत्तर मिळालं की. 'विसावा'. ओझं खाली ठेवून पुन्हा उचलायचंच आहे, हे त्या शब्दात आहे. 'सुटका'मध्ये ते नाही, आणि 'सुटका' लिहिलं तर आयांना अपराधी वाटेल.

पानभर
पहिलं पान पुन्हा लिहिलं. 'वर्तनविषयक अडचणी' मलपृष्ठावर, लहान अक्षरांत गेलं. सुरुवात आता अशी: 'तुमच्या मुलाला राग आवरत नाही का? दिवसातून कितीदा तरी काहीतरी बिनसतं का?'

एक_आई
दोन्हीकडचा 'का' काढा. ज्यानं पुस्तिका उघडलीये त्याला ते माहीत आहे.