डिकिन्सोनियाला प्राणी म्हणायचं का?

स्तरवेडा
एडियाकरन काळातले जीव ‘प्राणी की वनस्पती, काहीच सांगता येत नाही’ हे वाक्य अजून वाचायला मिळतं. डिकिन्सोनियापुरतं तरी ते आता सोडून द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

थोडी पार्श्वभूमी. हा कालखंड सुमारे ६३.५ ते ५३.९ कोटी वर्षांपूर्वीचा, कॅम्ब्रियन या कालखंडाच्या लगेच आधीचा. १९४६ मध्ये भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांना दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडियाकरा टेकड्यांत वालुकाश्मावर चपटे ठसे सापडले. २००४ मध्ये त्या टेकड्यांचंच नाव अख्ख्या कालखंडाला मिळालं. डिकिन्सोनिया त्या ठशांमधला सर्वांत ओळखीचा. आकार लंबगोल, मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना पट्टे. काही नमुने मीटरभराहून मोठे आहेत.

रशियात श्वेत समुद्राच्या काठी मिळालेल्या काही ठशांवर मूळ सेंद्रिय पदार्थाचा पापुद्रा टिकून होता. इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यातल्या स्टेरॉलांच्या (पेशींच्या आवरणातल्या मेदांच्या) अवशेषांत प्राण्यांची खूण मानलं जाणारं कोलेस्टेरॉल ९३ टक्क्यांपर्यंत निघालं. भोवतीच्या गाळात मात्र हिरव्या शैवालाच्या स्टेरॉलचे अवशेष वरचढ होते. ५५ कोटींहून जास्त वर्षं हा रेणू दगडात राहिला, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

वालुका
असहमत. कोलेस्टेरॉल ही एकट्या प्राण्यांची मिरास नाही, लाल शैवालंही ते बनवतात. त्यामुळे ही परीक्षा काही उमेदवार बाद करते, पण उरलेल्याला निवडून देत नाही.

आता शरीराकडे बघा. तोंड नाही, आतडं नाही. डावे-उजवे पट्टे समोरासमोर येत नाहीत, अर्ध्या पट्ट्याने पुढेमागे असतात. अशी रचना आजच्या कुठल्या प्राण्यात आहे? जीवाश्मतज्ज्ञ अडोल्फ झायलाखर यांनी या जीवांना गोधडीसारखे कप्पे असलेला वेगळाच गट मानलं होतं. तो विचार इतक्या सहज मोडीत काढू नये.

शिवाय नजर कशी फसते, त्याचं उदाहरण ताजं आहे. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया सापडल्याचं जाहीर झालं, आणि २०२३ मध्ये तो मधमाश्यांच्या पोळ्याचा उरलेला डाग ठरला.

स्तरवेडा
वालुका, भीमबेटकाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! तिथे निष्कर्ष निव्वळ आकारावरून काढला होता. म्हणून तर रसायनाचा पुरावा मोलाचा.

लाल शैवालाचा मुद्दा रास्त आहे, पण शैवाल जागा बदलत नाही. डिकिन्सोनियाच्या शेजारी त्याच्याच आकाराच्या फिकट खुणांची रांग मिळते. समुद्रतळावर सूक्ष्मजीवांची साय पसरलेली असे. हा जीव एका जागी बसून खालची साय पचवायचा, मग पुढे सरकायचा, असा त्याचा अर्थ लागतो. तोंडाची अट तर आजचा ट्रायकोप्लॅक्स हा समुद्रातला चिमुकला चपटा जीवही पुरी करत नाही. तो शैवालावर पसरतो आणि शरीराच्या खालच्या बाजूनेच अन्न पचवतो. तो प्राणीच आहे ना?

अश्मा
मध्येच थोडं. भूवैज्ञानिक ग्रेगरी रेटॅलॅक यांनी हे जीव म्हणजे दगडफुलं असावीत असं मांडलं होतं. दगडफुलात बुरशी असते, म्हणजे एर्गोस्टेरॉल या बुरशीच्या स्टेरॉलचे अवशेष भरपूर दिसायला हवे होते. डिकिन्सोनियात ते नगण्य आहेत. निदान हा पर्याय तरी मिटला.

नीरजा
मला दोघांचीही मांडणी अपुरी वाटते. डिकिन्सोनिया प्राणी ठरला म्हणून त्या काळातले सगळे जीव प्राणी ठरत नाहीत, आणि तो विचित्र दिसतो म्हणून सगळे अनोळखीही होत नाहीत.

त्याच काळातला चार्निया घ्या. इंग्लंडच्या चार्नवूड जंगलात १९५६ मध्ये टीना निगस या शाळकरी मुलीला तो दिसला होता. एवढ्या जुन्या खडकात जीवाश्म असूच शकत नाही, असं शिक्षिकेने तिला सांगितलं. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या मुलाला तोच ठसा दिसला, तेव्हा कुठे दखल घेतली गेली. चार्निया नेच्याच्या पानासारखा दिसतो, पण वनस्पती नव्हे. त्याचे भाईबंद कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मिस्टेकन पॉइंटला ज्या खोल पाण्यात राहत, तिथे सूर्यप्रकाश पोहोचतच नव्हता. ते एका जागी रुतून असत, सरकण्याच्या खुणा नाहीत. डिकिन्सोनियाच्या पुराव्यावरून त्यांच्याबद्दल काय कळणार?

उलट त्याच काळातला किंबरेला हा जीव बघा. त्याने साय खरवडल्याचे ओरखडे मिळालेत, आणि २०२२ मध्ये त्याच्या आतड्यातल्या अन्नाचे रासायनिक अवशेषही सापडले. एकाच समुद्रात खाण्याच्या इतक्या तऱ्हा होत्या. त्यांना एका नावाखाली कोंबणं ही मूळ चूक आहे.

वालुका
नीरजा, हे पटलं. खुणांच्या रांगेवर माझी शंका होती की मेलेला जीव प्रवाहाने ढकलला गेला असेल. पण एकाच थरावरच्या रांगा वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि एकच प्रवाह असं करणार नाही. तेव्हा डिकिन्सोनिया सरकत होता, हे मी मान्य करते आणि ‘प्राणी’ या शब्दाला हरकत मागे घेते.

पण स्तरवेडा, ट्रायकोप्लॅक्सशी त्याचं नातं जुळतंच, असं मात्र लगेच म्हणू नका. ट्रायकोप्लॅक्सला ना पुढची बाजू ना मागची. डिकिन्सोनियाचे पट्टे एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत जातात. त्याचं तुमच्याकडे काय उत्तर आहे?