वर्गात साम्राज्यवादाची पोस्टरं: इतिहास की प्रचार?

खडूवाला (धागाकर्ता)
लालबागच्या एका मराठी शाळेत नववीला इतिहास शिकवतो. परवा साम्राज्यवाद पुस्तक मिटून शिकवला. भिंतीवर दोनच चित्रं. एक लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकातलं, १८९२चं. केप ते कैरो तार टाकायला निघालेला, केप वसाहतीचा इंग्रज पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स आफ्रिकेच्या दोन टोकांवर पाय रोवून उभा, दोन्ही हातांत ताणलेली तार, पाठीला बंदूक. दुसरं क्यूबाचं, व्हिएतनामवरचं. १९६६ साली हवानात आशिया-आफ्रिका-लॅटिन अमेरिकेच्या एकजुटीसाठी संघटना निघाली. तिची पोस्टरं तिच्याच नियतकालिकात घडी घालून जगभर जायची.

मागच्या बाकावरची एक मुलगी ऱ्होड्सकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, यात आफ्रिकेतली माणसं कुठायत?" त्यानंतर तास संपेपर्यंत कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका पालकांची तक्रार: पोरांना मोर्चात पाठवायचंय का? मुख्याध्यापक म्हणाले, चित्रं उतरवा. तुमचं मत सांगा.

स्पष्टच_बोलतो
पालकांचं बरोबर आहे. पोस्टर म्हणजे वकिलाचं भाषण, साक्षीपुरावा नव्हे. क्यूबाचं चित्र लावलंत, तर १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा क्यूबाच्याच कॅस्ट्रोने त्याची पाठराखण केली, हेही त्याच तासाला सांगितलंत का? चौदा वर्षांच्या पोराला रंग लक्षात राहतात, तुमच्या तळटिपा नाहीत.

खडूवाला
प्रागचं नाही सांगितलं. मान्य, चुकलं.
पण शाळेत पोस्टर लावायची कल्पना माझी नाही, खुद्द साम्राज्याची आहे! १९२६ ते १९३३ 'एम्पायर मार्केटिंग बोर्ड' ब्रिटिशांना वसाहतींचा माल घ्या म्हणून पोस्टरं काढत होतं आणि ती शाळांनाही पाठवत होतं. तिथल्या पोरांनी साम्राज्य भिंतीवर बघूनच शिकलं. ऱ्होड्सचं चित्रही विलायती साप्ताहिकातलंच, कुणा बंडखोराचं नाही. वर्गाने मात्र ते टीका म्हणून वाचलं. मला नेमकं तेच शिकवायचंय: कोणी छापलं, कोणासाठी, पैसे कोणी दिले.

चाळकरी_३रा_मजला
+१. आमच्या वेळी सनावळ्या घोकल्या. त्यातलं आज एक साल आठवत असेल तर शपथ.

नारळीपौर्णिमा
सर, आफ्रिका-क्यूबा राहू द्या, ताग्यावरचं तिकीट आठवा. माझ्या पणजीच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक चिकटवलेलं आहे: कमळातली लक्ष्मी, सोनेरी काठ, आणि खाली इंग्रजीत मँचेस्टर. काठ वाळवीने खाल्लाय, पण लक्ष्मीचा चेहरा अजून लख्ख. विलायती गिरण्या आपल्या देवांची चित्रं ताग्यांवर लावून कापड विकायच्या. पणजीला इंग्रजी येत नव्हतं, तिला फक्त लक्ष्मी दिसली. पणजोबा परळच्या गिरणीत कामाला आणि घरात ट्रंकेवर मँचेस्टर! बाबू गेनूही गिरणी कामगारच. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे तो मेला. त्या मालावर असं एखादं तिकीट असेलही. साम्राज्याचं पोस्टर म्हणाल तर माझ्या मते हे. आरडाओरडा नाही, थेट देव्हाऱ्यापर्यंत पोचलेलं.

स्पष्टच_बोलतो
ताई, हे पटलं. तिकिटाला वस्तू म्हणून किंमत आहे. पण सर पुढचं चित्र बंगाली चित्रकार चित्तप्रसादचंच आणणार, पैज लावतो.

खडूवाला
हरलो, आणणारच होतो :) १९४३च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर पायी फिरून त्याने काळ्या शाईत माणसं काढली. ते पुस्तक, 'हंग्री बंगाल', ब्रिटिशांनी जप्त करून जाळलं. पुढे तो इथेच, अंधेरीत राहिला. हे मुंबईच्या पोरांना दाखवायचं नाही तर कोणाला?

स्पष्टच_बोलतो
दाखवा, पण अर्धवट नको. चित्रकार कम्युनिस्ट पक्षाचा. १९४१ला हिटलर रशियात घुसल्यावर त्या पक्षाने युद्धाला 'लोकयुद्ध' म्हटलं, १९४२च्या चळवळीला विरोध केला. मग साठेबाजावर किती बोट ठेवायचं आणि सरकारवर किती, हे पक्षाच्या धोरणानेही ठरत होतं. हाडांचा सापळा काढता येतो. ब्रह्मदेश जपानकडे गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला, बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या सरकारने काढून घेतल्या, युद्धखर्चाने भाव भडकले, लंडनने धान्यासाठी जहाजं नाकारली, हे कोणत्या रेषेत काढणार?
आणि एक. चीनशी कापूस-अफूचा व्यापार करून श्रीमंत झालेल्या जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीवर १८५७ साली इथलं जे.जे. कलाविद्यालय सुरू झालं. टोपीवाला गोरा खलनायक काढायला सोपा. आपला शेट कोण काढणार?

नारळीपौर्णिमा
आपला शेट काढायचा तर लक्ष्मीच्या तिकिटापासून सुरू करा ना. ते ताग्यावर होतं, तागा आपल्याच दुकानातून आला.

खडूवाला
भाऊ, तुमचा प्रतिसाद छापून पोरांना वाटतो. एक बाक चित्तप्रसादचा वकील, दुसरा बाक तुमचा. होड्यांचं मलाच नीट सांगता आलं नसतं.
ताई, ते झाकण एक दिवस शाळेत मिळेल का? फोटो नको, पोरांना वाळवीची भोकंही बघू देत.

नारळीपौर्णिमा
झाकण निघत नाही, बिजागऱ्या गंजल्यात. अख्खी ट्रंक टेम्पोत घालून आणावी लागेल. शनिवारी चालेल. पण मुख्याध्यापक?

खडूवाला
त्यांनी भिंतीवरची चित्रं उतरवायला सांगितलीत. ट्रंकेबद्दल काही बोलले नाहीत.