‘काढा’, ‘हिम’, ‘अर्क’ की ‘सत्त्व’? चिनी वनौषधींवरील संशोधनाविषयी मराठीत लिहिताना

प्रश्न : हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाचा शोध आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना २०१५ साली मिळालेले नोबेल पारितोषिक, यांवरील एक लेख मी मराठीत आणते आहे. ‘प्राचीन चिनी काढ्यातून आधुनिक औषध’ असे शीर्षक मी योजले होते. एका सहकाऱ्यांच्या मते ‘काढा’ऐवजी ‘अर्क’ हवा, तर दुसऱ्यांच्या मते ‘सत्त्व’. यांपैकी नेमका शब्द कोणता? शिवाय मूळ वनस्पती दवण्याच्या कुळातली आहे, तर तिला सरळ ‘दवणा’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : आपल्या शीर्षकातील ‘काढा’ हा शब्द बदलावा, असे मी आग्रहाने सुचवेन. तो केवळ ढोबळ आहे म्हणून नव्हे, तर या शोधाचा सारा गाभा ‘उकळू नये’ या एका गोष्टीत आहे म्हणून.

आपल्याकडे वनस्पतीतील गुण पाण्यात उतरवण्याच्या रीतींना स्वतंत्र नावे आहेत आणि ती पुरेशी काटेकोर आहेत. शार्ङ्गधरसंहितेप्रमाणे क्वाथ, म्हणजेच काढा, करताना भरड द्रव्य सोळापट पाण्यात घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवतात. घरोघरी ‘अष्टमांश काढा’ म्हणतात तो हाच. फांटासाठी चौपट गरम पाणी द्रव्यावर ओतून ते गाळून घेतात. हिमाला तर विस्तवच लागत नाही. द्रव्य सहापट पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळले की झाले. ओली वनस्पती कुटून पिळून काढला जातो तो स्वरस.

आता मूळ चिनी उल्लेख पाहावा. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांनी तातडीच्या उपचारांच्या आपल्या ग्रंथात तापावर जो उपाय दिला आहे, त्याचा आशय असा : मूठभर छिंगहाओ (आर्टेमिसिनिन ज्या वनस्पतीतून मिळते तिचे चिनी नाव) दोन मापे पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. यात चूल कुठेच नाही. ही कृती हिम आणि स्वरस यांच्या मधली आहे. आपल्या परिभाषेत तिला काढा मुळीच म्हणता येणार नाही.

चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी ‘५२३ प्रकल्प’ सुरू झाला. व्हिएतनाममधील युद्धात क्लोरोक्विन या तेव्हाच्या औषधाला दाद न देणाऱ्या हिवतापाने सैनिक मोठ्या संख्येने आजारी पडत होते आणि त्यावर नवे औषध हवे होते. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीत थू योयो यांच्याकडे एका गटाची धुरा आली. या गटाने जुने ग्रंथ आणि वैद्यांचे अनुभव धुंडाळून सुमारे दोन हजार औषधी पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, गोळा केले, त्यांतील ६४० निवडून एक संग्रह तयार केला आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक निष्कर्ष, म्हणजे त्यांतून काढलेली सारे, उंदरांवर तपासले. छिंगहाओच्या एका निष्कर्षाने परजीवींची वाढ ६८ टक्क्यांनी रोखल्याचे दिसले, पण पुढच्या चाचण्यांत तो आकडा टिकेना. तेव्हा गे होंग यांच्या त्या ओळीकडे थूबाईंचे लक्ष गेले आणि उष्णतेनेच औषधी घटक नष्ट होत असावा, असा तर्क त्यांनी बांधला. मग साधारण ३५ अंश सेल्सियसला उकळणारे ईथर हे द्रावक वापरून कमी तापमानात निष्कर्ष काढला गेला आणि त्यातील विषारी आम्लधर्मी भाग वेगळा करून उदासीन भाग ठेवला गेला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी तपासलेला १९१ क्रमांकाचा हा नमुना उंदरांमधील हिवतापावर शंभर टक्के परिणामकारक ठरला. पुढे १९७२ मध्ये थू योयो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला, त्यानंतर हायनान बेटावरील रुग्णांना दिला आणि त्याच वर्षी शुद्ध स्फटिकरूप द्रव्य हाती आले. इतकी खटपट ज्या एका पायरीसाठी झाली, तीच पायरी ‘काढा’ या शब्दाने वाचकाच्या नजरेतून पुसली जाते.

‘अर्क’ हा शब्द काढ्यापेक्षा बरा, पण निर्दोष नव्हे. वैद्यांच्या परिभाषेत अर्क म्हणजे वाफ थंड करून मिळवलेले ऊर्ध्वपातित, जसा ओव्याचा किंवा बडीशेपेचा अर्क. बोलण्यात मात्र कोणत्याही दाट सारालाही आपण अर्क म्हणतो. सर्वसाधारण वाचकासाठीच्या लेखात ‘ईथरमध्ये काढलेला अर्क’ असे लिहिले तर गैरसमज होणार नाही. शास्त्रीय लेखनात मी ‘निष्कर्ष’ पसंत करते. त्याचा ‘अनुमान’ हा अर्थ जास्त रुळलेला असल्यामुळे पहिल्या वेळी ‘वनस्पतीचा निष्कर्ष’ असे पूर्ण लिहावे.

स्फटिकरूप शुद्ध द्रव्याला चिनी भाषेत ‘छिंगहाओ-सू’ असे नाव मिळाले. त्यातील ‘सू’ म्हणजे मूलद्रव्य, सारभूत घटक. चिनीत जीवनसत्त्वाच्या नावातही हाच ‘सू’ येतो आणि आपण तिथे ‘सत्त्व’च वापरतो, हा योग सुखद आहे. म्हणून ‘छिंगहाओचे सत्त्व’ हे भाषांतर अर्थाला धरून आहे. सावधगिरी एवढीच की गुळवेलीचे सत्त्व म्हणतो तेव्हा पाण्यात तळाशी बसणारा पिठूळ साका अभिप्रेत असतो, एकच शुद्ध रसायन नव्हे. आर्टेमिसिनिन हे पंधरा कार्बन, बावीस हायड्रोजन आणि पाच ऑक्सिजन अणूंचे एकच निश्चित संयुग आहे आणि त्यातील दोन ऑक्सिजन अणूंच्या पेरॉक्साइड सेतूवर त्याची हिवतापविरोधी क्रिया अवलंबून असते. तेव्हा ‘शुद्ध सत्त्व’ किंवा ‘क्रियाशील घटक’ असे लिहावे आणि पुढे आर्टेमिसिनिन हेच नाव चालवावे.

पुढचा प्रश्न : मग या औषधाला ‘पारंपरिक’ म्हणावे की ‘आधुनिक’? आमच्याकडे दोन्ही बाजूंचे वाचक नाराज होतात. ‘या औषधाने रुग्णांना गुण येतो’ असे लिहिले तर तेही अशास्त्रीय ठरवले जाते.

उत्तर : आधी ‘औषध’ आणि ‘वैद्यक’ वेगळे करावेत. मराठीत ही सोय आयती आहे. ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ ही निदान, नाडीपरीक्षा, अ‍ॅक्युपंक्चर आणि औषधे यांना कवेत घेणारी पद्धती आहे; ‘चिनी औषध’ म्हणजे तिच्यातील एखादे द्रव्य वा कल्प, म्हणजे द्रव्यांपासून तयार केलेले औषध. एका औषधाचा गुण सिद्ध झाला म्हणजे पूर्ण वैद्यक सिद्ध झाले, असा अर्थ ध्वनित होऊ नये आणि एक औषध घातक ठरले म्हणून सगळे वैद्यक टाकाऊ, असेही सुचू नये.

आर्टेमिसिनिनबाबत ‘पारंपरिक ग्रंथातून सुचलेले आधुनिक औषध’ ही शब्दयोजना मला प्रामाणिक वाटते. त्याच्याआधी ज्याला आपण आधुनिक समजत आलो ते क्विनाइन, आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातले कोयनेल, तेही सिंकोना या झाडाच्या सालीतलेच. या दोघांची समोरासमोर तुलना झाली ती बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार येथील तीव्र हिवतापाच्या रुग्णांवर, आणि तिचे निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्टेमिसिनिनपासून केलेले आर्टेसुनेट शिरेतून दिलेल्या गटात १५ टक्के रुग्ण दगावले, तर क्विनाइनच्या गटात २२ टक्के. भारतातील रुग्ण ओडिशातील राउरकेला येथील होते.

‘गुण येणे’ हा आपल्या भाषेतला अतिशय सुंदर प्रयोग आहे आणि रुग्णाच्या तोंडी तो खराही असतो. परंतु तो एका माणसाचा अनुभव सांगतो. हिवतापात ताप आपोआप उतरतो, पुन्हा चढतो; उतरण्याच्या वेळी जे घेतले असेल त्याला श्रेय जाते. वर दिलेल्या १५ आणि २२ या आकड्यांमधला फरक हा कुणा एकाचा अनुभव नाही, तो दोन गटांच्या तुलनेतूनच कळतो. तेव्हा संशोधनाबद्दल लिहिताना ‘परिणामकारक ठरले’ लिहावे आणि सोबत कशाच्या तुलनेत, हे सांगावे. ‘रामबाण’ मात्र टाळावा. कंबोडियाच्या पश्चिम भागात या औषधाला परजीवी उशिरा दाद देऊ लागल्याचे दिसून आलेले आहे आणि म्हणूनच ते एकटे न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. त्याच वनस्पतीच्या पानांचा चहा हिवतापावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट म्हणणे आहे, कारण त्यात औषधाची मात्रा अनिश्चित आणि अपुरी असते. आपल्या लेखात हे वाक्य असायलाच हवे.

आता दवण्याविषयी. चैत्रात जोतिबाला वाहतात तो सुगंधी दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. आर्टेमिसिनिन मिळते ती आर्टेमिसिया अ‍ॅनुआ. जुन्या घरांत जंतांवर देत असत तो किरमाणी ओवाही याच प्रजातिगणातला. नात्यातल्या वनस्पती असल्या तरी त्या एक नव्हेत. ‘दवण्याच्या नात्यातील छिंगहाओ’ असे लिहावे. नुसते ‘दवणा’ लिहिल्यास कुणी देवळाबाहेरून जुडी आणून तापाच्या माणसाला द्यायचा.

ही भीती अनाठायी नाही. चिनी भाषेत ‘फांग-जी’ हे एकच नाव दोन भिन्न कुळांतील मुळ्यांच्या नावांत येते : ‘हान फांग-जी’ आणि ‘ग्वांग फांग-जी’. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे १९९० नंतर वजन कमी करण्याच्या गोळ्यांत पहिलीच्या जागी दुसरी गेली. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे खराब झाली. ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या काढून टाकल्या, त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. नावातल्या सारखेपणाने झालेला हा अनर्थ आहे आणि तो आठवला की वनस्पतीचे नाव घाईने लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

म्हणून वनौषधीबद्दल लिहिताना मराठी नावाशेजारी देवनागरीत शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि काढण्याची रीत ही तिन्ही द्यावीत. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसन असेही म्हणतात, तीही त्या दुसऱ्या मुळीच्याच अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातिगणातली आहे आणि तिच्यातही तेच आम्ल असते. सर्पदंशावरील झाडपाला म्हणून तिचा उल्लेख आपल्या लेखात येणार असेल, तर ‘नैसर्गिक असल्याने निरुपद्रवी’ हे विशेषण तिच्यापुढे लावू नये.