'राडा' : चिखल, मारामारी की शाबासकी?

दुपारपाळी यांचा प्रश्न:

शब्दसूचीसाठी 'राडा'ची नोंद करायची आहे आणि ती काही केल्या एका ओळीत बसत नाही. ही वाक्यं बघा:

पावसानं अंगणाचा पार राडा झाला.
पोरांनी खोलीत राडा घालून ठेवलाय.
बांधकामाचा राडारोडा रस्त्यावरच टाकलाय.
निकालानंतर दोन गटांत राडा.
काय वाजवलंय राव, राडा केला नुसता!

पहिल्यात चिखल, दुसऱ्यात पसारा, तिसऱ्यात विटामातीचा ढीग, चौथ्यात डोकी फुटलेली आणि पाचव्यात चक्क शाबासकी. शब्द एकच आहे, की दोन वेगळे शब्द एका उच्चारात येऊन मिळालेत? दुसरं म्हणजे लोचा, झोल, वांधा यांच्या जागीही हल्ली सर्रास 'राडा' ठोकला जातो. मजकूर तपासताना ते चालवून घ्यावं का? 'मूळचा हिंदी' एवढ्यावर संपणारं उत्तर कृपया नको.

---

चिखलवाट:

हिंदी तर नाहीच. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हा शब्द पावसाळ्यात रोज तोंडात असतो, आणि तिथे त्याचा मारामारीशी काही संबंध नसतो. 'राडा' आणि 'राड' अशी दोन्ही रूपं चालतात: 'वाटेवर नुसता राडा झालाय', 'सगळी राड झालीय'. पहिलं पुल्लिंगी, दुसरं स्त्रीलिंगी. विभक्तीतही वेगळी: राड्यात, राड्यानं, राड्याचा, पण राडीत, राडीनं. 'वाडा'सारखा चालवा म्हणजे चुकणार नाही. 'राडामध्ये' असं लिहिलेलं दिसलं की लिहिणाऱ्यानं हा शब्द ऐकला कमी आणि वाचला जास्त, हे ओळखावं.

चिखल आणि राडा यांतला फरक महत्त्वाचा. पाऊस पडून माती भिजली की चिखल होतो. त्यावरून गुरं गेली, ट्रॅक्टर गेला, माणसांनी ये-जा केली आणि तो तुडवून-कालवून निघाला की राडा. चिखल आपोआप होतो, राड्याला पाय लागतात. पुढचे सगळे अर्थ या तुडवण्यातून निघालेत असं मला वाटतं.

तुमच्या दुसऱ्या वाक्यातही ही ओल शिल्लक आहे. पुस्तकांचा, कपड्यांचा, खेळण्यांचा होतो तो पसारा. कणकेचा, तेलाचा, रंगाचा होतो तो राडा. पसारा उचलता येतो. राडा पुसावा लागतो, धुवावा लागतो. शहरात हा भेद पुसट झालाय हे मान्य, पण सूचीत तो नोंदवायला हवा.

'राडारोडा' हा जोडशब्द मात्र शब्दशः घ्या. रोडा म्हणजे विटेचा किंवा दगडाचा तुकडा, आणि राडा म्हणजे त्याबरोबर येणारा माती-चुन्याचा काला. दोन वेगळे माल, एक ढीग. महापालिकांच्या मराठी कारभारात बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याला हाच शब्द आहे, त्यामुळे ही बोली नव्हे, कामकाजाची परिभाषा झाली. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन असा कचरा करणाऱ्यांना तो चार भागांत वेगळा करायला सांगितलं होतं: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा आणि गिलावा. यातला दुसरा आणि चौथा म्हणजे अस्सल राडारोडा. लिहिताना एकत्र, मध्ये आडवी रेघ नको, अनेकवचन नाही.

---

कोशकिडा:

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण दुसरी बाजू मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही.

प्राकृतात 'राडि' शब्द आहे, अर्थ भांडण, लढाई. हिंदीत त्याचंच 'राड़' आणि पुढे 'रार' झालं. गुजरातीत 'राड' म्हणजे आरडाओरडा. 'राड पाडवी' म्हणजे ओरडणं. मराठीत 'ड' ठाम राहतो, हिंदीत तो 'ड़' होऊन 'र'कडे सरकतो, तेव्हा ध्वनीच्या हिशेबानं मराठीत 'राड'च अपेक्षित. म्हणजे मारामारीच्या 'राड्या'ला चिखलाची गरजच नाही, असं कुणी म्हटलं तर ते एकदम उडवून लावता येत नाही.

अडचण लिंगाची आहे. राडि, राड़, रार, गुजराती राड, सगळे स्त्रीलिंगी. भांडणाचा मराठी शब्द मात्र ठणठणीत पुल्लिंगी: तो राडा, ते राडे. 'त्यांच्यात राड झाली' असं मुंबई-पुण्यात कुणी म्हणत नाही. शिवाय क्रियापदं चिखल-पसाऱ्याचीच आहेत: राडा होतो, राडा करतात, राडा घालतात. माझा कौल असा की आई चिखल आणि राडि फार तर मावशी. चिखलाचा शब्द भांडणाकडे सरकताना कानात जुन्या भांडणाच्या शब्दाची ओळख असेल, तर त्याला वाट सोपी झाली असणार.

आणि हे सरकणं मराठीला नवं नाही. आपण भांडणाला, गलक्याला नावं देतो ती बहुतेक वेळा कुठल्या तरी कालवाकालवीवरून किंवा उत्सवावरून: चिखलफेक, शिमगा, गोंधळ, तमाशा, धुळवड. यांतल्या कुठल्याच शब्दाचा मूळ अर्थ भांडण नाही. राडा या पंगतीत बरोबर बसतो.

शोधायचं कसं, तेही सांगतो, कारण इथे हमखास चूक होते. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात विभाग) त्यानंतर पाहा. दोन्हींत फक्त 'राडा' टाकून थांबू नका. राड, राडा, राढा अशा तिन्ही नोंदी उघडा, आणि चिखल, रेंदा, रबडी यांच्या नोंदींतले पर्यायही वाचा. 'राढ' समोर आलं तर तो बंगालचा पश्चिम भाग, त्याचा इथे काही संबंध नाही.

जुन्या कोशात एखादा अर्थ नसला म्हणून तो हिंदीतून आला, असं म्हणणं फसवं आहे. मुंबईतली पहिली कापड गिरणीच १८५६ मध्ये सुरू झाली. चाळी, नाके आणि त्यांची बोली त्यानंतरची. १८५७ च्या कोशानं ती कुठून टिपावी?

---

शेवटचं_पान:

व्युत्पत्ती तुम्ही बघा, मी मथळ्यापुरतं बोलतो. 'राडा' वृत्तपत्रांत फोफावला त्याचं एक अगदी रुक्ष कारण आहे: दोन अक्षरं. एका स्तंभाच्या मथळ्यात 'हाणामारी' चार जागा खाते, 'धक्काबुक्की'ही तेवढ्याच. त्यामुळे साधी बाचाबाचीसुद्धा 'राडा' होऊन छापली जाते, आणि वाचकाला आत मजकुरात कुणाला ओरखडाही सापडत नाही.

आमच्याकडे वापरायला हरकत नाही अशी शिडी आहे. कुरबुर, मग बाचाबाची (फक्त तोंड), मग हमरीतुमरी (अहो-जाहो संपलं), मग धक्काबुक्की (हात लागला), मग हाणामारी (मार लागला), आणि मग राडा. राड्यासाठी दोन बाजू हव्यात, दोन्हींकडे माणसं हवीत, काहीतरी मोडलेलं-उलटलेलं हवं, आणि बघे हवेत. एका माणसानं दुसऱ्याला कानफटात मारली तर तो राडा नव्हे. बंद खोलीत चौघे भिडले तरी माझ्या मते नव्हे. राडा चारचौघांत होतो.

राड्याच्या वर 'दंगल' लिहिताना जपून. भारतीय न्याय संहितेत कलम १९४ खाली दोन माणसांनीही सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता बिघडवली तर गुन्हा होतो, आणि कलम १९१ च्या दंग्याला पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव लागतो. 'राडा' नावाचा गुन्हा कुठेच नाही. म्हणून 'राड्याचा गुन्हा दाखल' हे वाक्य कापायचं आणि कलम विचारायचं. मथळ्यात राडा चालेल, बातमीच्या पहिल्या वाक्यात नेमकं काय झालं तेच हवं.

टंकनातला एक धोका राहिलाच. 'रा'वर चुकून अनुस्वार पडला की शिवी तयार होते, आणि शुद्धलेखन तपासणारी प्रणाली ती पकडेलच असं नाही, कारण तोही शब्दच आहे. छपाईला पान सोडण्याआधी 'रां' शोधून बघा. 'राडा'चा 'रेडा' झाला तर निदान हसून सुटका होते.

---

नाक्यावरचा:

पाचव्या वाक्याकडे कुणी बघितलंच नाही! शाबासकीच्या राड्याचं व्याकरण वेगळं आहे. तिथे क्रियापद बहुतेक 'करणे' आणि सोबत 'नुसता' किंवा 'च' हवा: 'राडाच केलास', 'राडा केला नुसता'. तो जोर काढून 'तू काल राडा केलास' म्हणा, लगेच तक्रार वाटेल. 'राडा झाला' तर संदर्भाशिवाय कळतच नाही की कार्यक्रम रंगला की बंद पडला.

हा अर्थ आला कुठून याचं कोडं नाही. आपल्याकडे कौतुक मोडतोडीच्या भाषेतच चालतं: फोडलंस, धुरळा उडवला, जाळ काढला. त्या रांगेत राडा. फक्त वयानं मोठ्या माणसाला म्हणताना विचार करा. 'काका, राडा केलात' हे सगळ्याच काकांना झेपत नाही.

---

दुपारपाळी:

भरपूर मिळालं, आभार. लोचा-झोल-वांधा यांचं कुणी सांगेल का? मजकूर तपासताना सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो.

---

कोशकिडा:

एकच नाम घेऊन चारही लावून बघा, फरक आपोआप दिसेल.

पगारात लोचा झाला: हिशेब चुकला, कुणी मुद्दाम केलं नाही.
पगारात झोल झाला: कुणीतरी मधे खाल्ले.
पगाराचे वांधे झाले: पगार होतच नाहीये.
पगारावरून राडा झाला: आता कार्यालयाची काच नवी बसवावी लागणार.

प्रत्ययही बघा. लोचा आणि झोल 'त' घेतात, कारण गडबड त्या गोष्टीच्या आत आहे. वांधे 'चे' घेतात. राडा 'वरून' घेतो, कारण गोष्ट नुसतं निमित्त असते, भांडण माणसांचं. 'पगारात राडा झाला' असं आलं तर लेखकाला लोचा किंवा झोल म्हणायचं होतं. कुठला, ते त्यालाच विचारा. तो बदल स्वतःच्या मनानं करू नका. लोचा आणि झोल यांच्यामध्ये चोरीच्या आरोपाइतकं अंतर आहे.

मुळाबद्दल थोडक्यात. लोचा आणि वांधा गुजरातीशी जोडलेले आहेत. 'लोचो' म्हणजे लगदा, गिचका; सुरतेचा त्याच नावाचा बेसनाचा पदार्थही तसाच विस्कटलेला असतो. 'वांधो' म्हणजे हरकत, तंटा, आणि 'काही वांधा नाही' यात तो अर्थ अजून जिवंत आहे. एकवचनात हरकत, अनेकवचनात हाल, हे मात्र मराठीनं केलेलं. झोल म्हणजे दोरी किंवा कापड ताणलेलं नसलं की मधे पडतो तो सैलपणा. व्यवहारात जिथे सैल, तिथेच कुणीतरी हात घालतो.

---

दुपारपाळी:

मग नोंद अशी करतोय, बघा:

राडा (पु., सामान्यरूप राड्या-, अ. व. राडे) १. तुडवला गेलेला चिखल, 'राड' (स्त्री.) असेही. २. ओला, चिकट पसारा. सैल वापरात कोणताही पसारा. ३. (बोली) दोन गटांतली, चारचौघांतली, मोडतोडीसह मारामारी. ४. (बोली, 'नुसता' किंवा 'च'सह 'करणे') दणक्यात झालेल्या कामगिरीचे कौतुक. ५. राडारोडा: बांधकामाचा, पाडकामाचा कचरा.

---

चिखलवाट:

चांगलं झालंय. फक्त पाचवा काढून राडारोड्याची स्वतंत्र नोंद करा. कचऱ्याचे नियम शोधणारा माणूस मारामारीच्या अर्थांतून चालत पाचव्यापर्यंत येणार नाही. आणि पहिल्यात 'तुडवला गेलेला' हे दोन शब्द कुणी जागेसाठी कापायला निघालं तर कापू देऊ नका.