एएमसी सोडून मंथली मॅनेज्ड सर्व्हिसकडे यायचंय, फोंडा. सल्ला हवा

फोंडा_नेटवर्क
नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचं कॉम्प्युटर विक्री, दुरुस्ती आणि एएमसीचं (वर्षाच्या देखभाल करारांचं) काम आहे. मी, दोन इंजिनिअर पोरं आणि ऑफिस सांभाळायला एक ताई. क्लायंट म्हणजे कुंडई एस्टेटमधली छोटी युनिटं, पणजीतली सीए ऑफिसं, एक शाळा आणि कळंगुटला एक मध्यम हॉटेल. सगळे वर्षाच्या एएमसीवर, पर पीसी रेटने. पोरं दिवसभर रस्त्यावर असतात, फोन थांबत नाही, आणि मार्चमध्ये हिशेब मांडला की दिसतं घर हार्डवेअरच्या मार्जिनवर चाललंय, सर्व्हिसमध्ये काहीच उरत नाही. आता महिन्याच्या फिक्स पैशावर, म्हणजे मॅनेज्ड सर्व्हिसवर यायचं ठरवलंय. रेट कसा बसवायचा, टूल कुठलं घ्यायचं, जुन्या क्लायंटना हे सांगायचं कसं, आणि हॉटेल ठेवावं की सोडावं? गोव्यात हे करतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, बेंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांचे रेट आमच्या काही कामाचे नाहीत.

बार्देशकर
रेट नंतर, आधी तुमच्या माणसाचा एक तास तुम्हाला कितीला पडतो ते काढा. समजा पोराचा पगार २५ हजार, त्यावर पीएफ, पेट्रोल, बोनस, रजा सगळं धरून तो महिन्याला ३५ हजारांना पडला. प्रवास, पार्टची वाट बघणं, साहेब मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत रिसेप्शनवर बसणं हे वजा केलं तर महिन्यात खऱ्या कामाचे हाती लागतात शंभर तास. म्हणजे तास ३५० ला पडला. यात दुकानाचं भाडं, ऑफिसच्या ताईंचा पगार, टूल्स, तुमचा स्वतःचा पगार काहीच नाही. ते घातलं की तास ७०० च्या आसपास जातो. आता २० पीसीचं ऑफिस घ्या, पर पीसी वर्षाला ३ हजार, म्हणजे ६० हजार, महिन्याला ५ हजार. ५ हजारांत तुम्ही सात तास देऊ शकता, बस्स. फोंड्याहून कळंगुटला जाऊन यायलाच अडीच तास जातात, तिसऱ्या फेरीला तुम्ही पदरचे पैसे घालताय. हे गणित प्रत्येक क्लायंटचं वेगळं मांडा, गेल्या वर्षभरातले कॉल वहीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर असतीलच, ते मोजा. कोण तुम्हाला पोसतोय आणि कोणाला तुम्ही पोसताय ते एका बैठकीत कळेल.

रेट पर पीसी ठेवू नका, पर यूजर ठेवा, कारण माणसाबरोबर मेल, मोबाईल, वनड्राइव्ह, व्हीपीएन सगळं येतं आणि कटकट तिथेच असते. शाळेचा अपवाद, लॅबचे पीसी पर डिव्हाइसच धरावे लागतात. आणि पाच माणसांचं ऑफिस असलं तरी एक किमान मासिक रक्कम ठेवाच, कारण बॅकअप बघायला पाच माणसांना जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढाच पंधरांनाही लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं, काय येतं आणि काय येत नाही ते कागदावर. येतं: हेल्पडेस्क, विंडोजचे अपडेट, अँटीव्हायरस, बॅकअपवर लक्ष, इंटरनेटवाल्याशी भांडणं. येत नाही: नवीन केबलिंग, ऑफिस शिफ्टिंग, सीसीटीव्ही, प्रिंटरचं टोनर, टॅलीत एंट्री कशी मारायची ते, आणि मालकाच्या घरचा लॅपटॉप. हे शेवटचं लाजू नका, लिहा. सीसीटीव्ही तर आपल्याकडे प्रत्येकाला आयटीवाल्याचंच वाटतं, करायचं तर वेगळ्या पैशाने करा.

पाटो_वरून
टूलबद्दल, म्हणजे क्लायंटची मशीन लांबून सांभाळायच्या आरएमएम सॉफ्टवेअरबद्दल. तीन माणसांच्या टीमला पर टेक्निशियन लायसन्सचं गणित चांगलं बसतं, अटेराचं तसं आहे, मशीन कितीही जोडा. पर डिव्हाइसवाले निंजावन वगैरे कामाला सरस वाटतील पण २०० मशीनवर बिल बघा मग ठरवा. आपलं झोहोवाल्यांचं मॅनेजइंजिन आहे, रुपयात बिल मिळतं हा मोठा फायदा. तिकिटासाठी, म्हणजे प्रत्येक तक्रारीच्या नोंदीसाठी, सुरुवातीला झोहो डेस्क किंवा ओएसटिकेट पुरतं. फक्त नियम एकच, तिकीट नाही तर काम नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असलं तरी तुमच्या ताईंनी त्याचं तिकीट बनवायचं, नाहीतर महिन्याच्या शेवटी क्लायंटला दाखवायला तुमच्याकडे काही नसेल.

आता जे कोणी सांगत नाही ते. आरएमएम टूल म्हणजे सगळ्या क्लायंटच्या चाव्यांचा जुडगा तुमच्या कमरेला. २ जुलै २०२१ ला कसेया कंपनीच्या व्हीएसए या अशाच सॉफ्टवेअरमधल्या भोकातून रेव्हिल ही रॅन्समवेअरवाली (फायली लॉक करून खंडणी मागणारी) टोळी आत शिरली, थेट फटका साठेक सर्व्हिस प्रोव्हायडरना पण त्यांच्यामार्फत आठशे ते पंधराशे धंद्यांच्या फायली लॉक झाल्या. स्वीडनमध्ये कूप या सुपरमार्केटची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, गल्ल्यावरची यंत्रंच चालेनात. त्या दुकानांनी कसेयाचं नावही ऐकलं नसेल. म्हणून पहिल्या दिवसापासून टूलला एमएफए (पासवर्डशिवाय दुसरी खात्री), प्रत्येक पोराचं वेगळं लॉगिन, आणि सगळ्या क्लायंटकडे एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ही सवय आजच बंद. विंडोजमध्ये लॅप्स फुकट आहे, प्रत्येक मशीनचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा राहतो आणि आपोआप बदलतो.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही वाचून ठेवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. फोन कोण करणार, तुम्ही की क्लायंट, हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये असू दे.

फोंडा_नेटवर्क
खूपच उपयोगी, दोघांचेही मनापासून आभार. तासाचं गणित आज बसून मांडलं, शाळा आणि एक सीए ऑफिस सोडलं तर बाकी सगळे लॉसमध्ये आहेत. बॅकअपचं काय करता? आमच्या बहुतेक ठिकाणी टॅलीचा डेटा सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर आणि रात्री एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेज बॉक्सवर) कॉपी, एवढंच.

पाटो_वरून
तो एनएएस जर सर्व्हरवर मॅप केलेला असेल तर रॅन्समवेअर आलं की तोही लॉक होणार, मूळ आणि कॉपी एकदमच गेली. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या स्टोरेजवर, एक ऑफिसबाहेर, आणि बाहेरची प्रत अशी की अ‍ॅडमिनलाही ठराविक दिवस डिलीट करता येऊ नये. व्हीम, अ‍ॅक्रॉनिस, सायनॉलॉजी असेल तर त्याचं अ‍ॅक्टिव्ह बॅकअप, काहीही चालेल, पण हिरवी टिक बघून समाधान मानू नका. महिन्यातून एकदा खरोखर रिस्टोर करा. आम्ही काय करतो, टॅलीचा फोल्डर वेगळ्या मशीनवर उतरवतो, कंपनी उघडतो, डे बुक काढतो आणि शेवटचा व्हाउचर नंबर अकाउंटंटला फोन करून जुळवतो. जुळला की त्या स्क्रीनचा फोटो महिन्याच्या रिपोर्टमध्ये. क्लायंटला पॅच, फायरवॉल वगैरे काही कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही नको, पण आपला व्हाउचर दुसऱ्या मशीनवर उघडलेला दिसला की तो पुढच्या वर्षी रेटवरून घासाघीस करत नाही. मॅनेज्ड सर्व्हिसची खरी अडचण हीच आहे, काम नीट चाललं की काही दिसतच नाही, मग पैसे कसले घेताय असं वाटायला लागतं. म्हणून रिपोर्ट एक पानाचा, मराठीत किंवा साध्या इंग्लिशमध्ये, दर महिन्याला, चुकवायचा नाही.

किनारा_हॉस्पिटॅलिटी
हॉटेल सोडू नका हो. पण इतर ऑफिसांसारखं धरू पण नका. मी फक्त हॉटेलं करतो, कांदोळी ते हणजूण.

गेस्टचं वायफाय, रिसेप्शनचं पीएमएस (बुकिंग आणि बिलाचं सॉफ्टवेअर) आणि रेस्टॉरंटचे केओटी (किचनला ऑर्डर देणारे) प्रिंटर हे तिन्ही वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे आतून वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर, नसतील तर काँट्रॅक्ट घेण्याआधी तो प्रोजेक्ट करून घ्या, त्याचे वेगळे पैसे लावून. एकाच नेटवर्कवर ठेवून मंथली घेतलंत तर रात्री अकराला फोन येणारच. मोठं काम जून ते सप्टेंबर करायचं. १५ डिसेंबर ते ५ जानेवारी मी कुठल्याही हॉटेलात फर्मवेअरला हात लावत नाही आणि तसं अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं आहे.

दुसरं, वीज. मे महिन्यातल्या गडगडाटात आणि परत ऑक्टोबरमध्ये निम्मे कॉल जळलेल्या पोर्टचे असतात. रिसेप्शनपासून पूलपलीकडच्या खोल्यांपर्यंत तांब्याची केबल जमिनीतून टाकलेली असते, वीज जवळपास पडली तरी त्या केबलमधून सर्ज येतो आणि दोन्ही टोकांचे स्विच जातात, बरोबर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर (एनव्हीआर) पण. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, खर्च एकदाच. आणि आपल्याकडे जमीन चिऱ्याची, एप्रिल-मेमध्ये वाळली की अर्थिंगचा रेझिस्टन्स खूप वाढतो, इलेक्ट्रिशियनकडून त्या दिवसांतच मोजून घ्या, पावसात मोजलेला आकडा फसवा असतो. खाऱ्या हवेने रॅकमधले कनेक्टर हिरवे पडतात, उघड्यावरचे अ‍ॅक्सेस पॉइंट दर वर्षी पावसानंतर तपासायचे, हे शेड्यूलमध्ये धरा आणि त्याचे पैसेही धरा.

मालक म्हणणार पावसात धंदा नाही, चार महिने रेट अर्धा करा. करू नका. तुमचं खरं काम तेव्हाच असतं. फार तर वर्षाची रक्कम तीच ठेवून सीझनमध्ये जास्त आणि पावसात कमी अशी विभागून द्या.

हिशेबवाली
मी सीए फर्ममध्ये आहे, पैशाच्या बाजूचं सांगते. निव्वळ सर्व्हिस असो की सर्व्हिस आणि हार्डवेअर एकत्र, जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखच धरा, ४० लाखांची सूट फक्त माल विकणाऱ्यांना आहे. तुमच्या सर्व्हिसवर १८ टक्के. मंथलीवर आलात की सावंतवाडी, दोडामार्गचे क्लायंट पण रिमोटने सांभाळता येतील, ते दुसऱ्या राज्यात, म्हणून तिथे बिल आयजीएसटीने जाईल एवढं ऑफिसच्या ताईंना सांगा.

उद्यम नोंदणी नसेल तर आजच करा, फुकट आहे. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) आलं, म्हणजे क्लायंटने तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्याला पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येतो. ही सोय ट्रेडिंगला नाही, म्हणून सर्व्हिसचं बिल हार्डवेअरपासून वेगळं काढा. बिलाच्या खाली उद्यम नंबर छापा, क्लायंटचे सीए स्वतःच पेमेंट काढायला सांगतील, आमच्या ऑफिसात हे रोज बघते.

आणि मंथली आगाऊ घ्या. महिना संपल्यावर मागितलेले पैसे उशिराच येतात.

डिचोलीकर
मला थोडं वेगळं वाटतं. बार्देशकरांचं गणित बरोबर आहे पण लॉसमधले सगळे एका फटक्यात सोडू नका, गोवा एवढासा आहे, कुंडईचा एक मालक नाराज झाला की फर्मागुडीच्या चढावर पोचेपर्यंत चार जणांना माहीत होतं. सगळ्यांना नवीन रेट द्या आणि दोन पर्याय द्या. मंथली घ्या, नाहीतर एएमसी संपल्यावर कॉलप्रमाणे पैसे, प्रवासासकट. जो कधीच फोन करत नाही तो कॉलवर जाईल, छान आहे. जो रोज करतो त्याला पहिल्या महिन्याच्या बिलावरून मंथली स्वस्त दिसेल.

सुरुवात सीए ऑफिसपासून करा. त्यांना ३१ जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबरच्या तारखा असतात, एक दिवस सर्व्हर बंद पडला तर काय होतं ते त्यांना सांगावं लागत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी अजून कितीतरी ऑफिसांत तीच मशीन आहेत. कुठल्या पीसीत विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आहे, कुठल्यात नाही, कुठला बदलावाच लागेल, अशी यादी करून मालकासमोर ठेवा. नुसतं मॅनेज्ड सर्व्हिस म्हणून बोलत बसण्यापेक्षा त्या यादीवरून बोलणं लवकर पुढे सरकतं.

वेर्णा, कुंडईच्या फार्मा युनिटांची मात्र काळजी घ्या. प्लांटमधल्या व्हॅलिडेटेड (तपासून मंजूर केलेल्या) सिस्टिमवर साधा अपडेट टाकायचा तरी चेंज कंट्रोलचे, म्हणजे बदलाच्या मंजुरीचे, कागद लागतात, ऑडिटर नंतर तुम्हालाच विचारतो. ऑफिसची बाजू घ्या, प्लांटची नको.

अपडेटचं पण टप्प्याटप्प्याने ठेवा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी, १९ जुलै २०२४, त्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन पडली, आणि जिथे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) होतं तिथे रिकव्हरी की शोधत लोक दिवस दिवस बसले. तो अपडेट तर क्लायंटच्या हातातही नव्हता, पण विंडोजचे तरी तुमच्या हातात आहेत. आधी दोन मशीनवर, दोन-तीन दिवस बघायचं, मग बाकी. रीस्टार्ट लागणारं छोटं काम दुपारी एक ते तीन, तेव्हा आपल्याकडे अर्धी ऑफिसं बंदच असतात. सर्व्हर बदलायचा तर चवथीला, कोणी जागेवर नसतं. पोरांना मात्र आधी विचारा, त्यांच्या पण घरी गणपती असतो.

फोंडा_नेटवर्क
दोन पर्यायांचं पटलं, तसंच पत्र काढतो. शेवटची एक शंका. पोरं दोन-तीन वर्षांत पुण्याला नाहीतर बाहेर जातात, आणि क्लायंटची सगळी माहिती त्यांच्या डोक्यात. आणि क्लायंट विचारतात की सगळं तुमच्या हातात दिल्यावर उद्या तुम्हाला बदलायचं झालं तर?

बार्देशकर
पोरं जाणार हे धरूनच चाला. फर्मागुडीच्या कॉलेजमधून, पॉलिटेक्निकमधून दर वर्षी नवीन येतात, त्यांना शिकवायला तुमच्याकडे लिहिलेलं हवं. प्रत्येक क्लायंटचं एक डॉक्युमेंट, त्यात नेटवर्कचा नकाशा, रॅकचा फोटो लेबलसकट, आयपी, इंटरनेटचा कस्टमर नंबर, लायसन्स कधी संपतात, बिटलॉकरच्या की कुठे आहेत. पासवर्ड त्यात नाही, ते बिटवॉर्डनसारख्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे पोरगा गेला की त्याचं लॉगिन काढलं, त्याने बघितलेले पासवर्ड बदलले आणि झालं. तिकीट बंद करताना डॉक्युमेंटमध्ये काय बदललं ते लिहिल्याशिवाय तिकीट बंद होऊ देऊ नका.

क्लायंटच्या दुसऱ्या प्रश्नाला लेखी उत्तर द्या. डोमेन त्यांच्या नावावर, मायक्रोसॉफ्ट ३६५ चं एक ग्लोबल अ‍ॅडमिन लॉगिन सीलबंद पाकिटात त्यांच्या तिजोरीत, आणि करार संपला तर ३० दिवसांत सगळी कागदपत्रं पुढच्या माणसाच्या हाती. आधीच्या माणसाने डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून क्लायंटला अडवून धरल्याचे प्रकार इथे बऱ्याच जणांनी भोगलेत, त्यामुळे ही तीन कलमं ते रेटच्याही आधी वाचतात. पत्र काढाल तेव्हा पहिल्या पानावर हीच घाला, रेट दुसऱ्या पानावर.