चिंचेच्या बनातून सरळ वाट काढायची, की कडेने वळसा घालायचा?

पहाटवारा

प्रभागाच्या बैठकीला ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आपल्या बागेतून नवी वाट काढायचं ठरतंय. रिक्षा स्टँडसमोरच्या पूर्वेच्या गेटपासून शाळेकडच्या पश्चिमेच्या गेटपर्यंत, तीन मीटर रुंद, पेव्हर ब्लॉकची. चालणारे, पळणारे, सायकलवाले, बाबागाड्या, व्हीलचेअर, सगळ्यांना मिळून ही एकच वाट. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीय आणि ती बरोबर मधल्या चिंचेच्या बनातून जाते. लेखी हरकती मागवल्यात.

वाट व्हायलाच पाहिजे. आपल्या शहरात सायकल शिकणाऱ्या पोराला गाड्यांपासून लांब जागाच राहिलेली नाही. रस्त्याकडेला पट्टे मारून केलेल्या मार्गिकेत कार उभ्या असतात, हे आपण रोज बघतो. माझी हरकत फक्त रेघेला आहे.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. पेव्हरखाली खडीचा थर द्यायचा तर फूट-दीड फूट खोदाई आली. एकही झाड न पाडता निम्मं बन मारायचा हा मार्ग आहे. झाड त्याच वर्षी वाळत नाही. चार-दोन उन्हाळे काढतं, मग शेंडा वाळायला लागतो आणि तोवर बिल निघून गेलेलं असतं. या चिंचा सिडकोची वसाहत व्हायच्या आधी इथे शेत होतं तेव्हाच्या आहेत. झाडांच्या जतनाचा 1975 चा राज्याचा कायदा आहे, त्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षांपुढच्या झाडांना वेगळं संरक्षण मिळालं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या यंत्रणांना झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आणि आपण आज नवीन ओतायला निघालोय?

भरपाई म्हणून रोपं लावू, असं बैठकीत सांगितलं गेलं. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात त्या रोपांना तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? चिंच मेमध्येही हिरवी असते. पारा 40 च्या वर जातो तेव्हा बागेत बसण्यासारखी जागा तेवढीच उरते.

दुसरा मुद्दा वेगाचा. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, सायकल सहज पंधरा-वीसने जाते. वीसचा वेग म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर पोर आलेलं दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तरी आठ मीटर गेले, सायकल थांबायला त्याच्या पुढचं अंतर वेगळं. बनात बुंध्याआडून पोरं पळत येतात. सरळ वाटेवर सायकलचा वेग वाढणार आणि तो वाढणार नेमका तिथेच.

माझा पर्याय असा: पूर्वेच्या गेटमधून आत येताच वाट उत्तरेच्या कंपाउंडकडे वळवायची, करंज-निंबांच्या ओळीखालून न्यायची आणि नाल्याच्या उताराला आडवी, हळूहळू उतरवत शाळेच्या गेटला काढायची. अंतर जवळजवळ दुप्पट होतं. होऊ द्या. फिरायला येणाऱ्याला तेच हवं असतं.

दोन नंबर गेट

दादा, फिरायला येणाऱ्याला तेच हवं असेल. मी फिरायला येत नाही.

मी रोज संध्याकाळी रिक्षातून उतरून बागेतून पलीकडे घरी जाते. माझ्यासारख्या खूप जणी आहेत: दवाखान्यात ड्युटी करणाऱ्या, क्लासच्या पोरी, धुण्याभांड्याची कामं उरकून निघालेल्या बाया. आमच्या पायांनी पडलेली वाट आजही बनातूनच जाते, तुम्ही जाऊन बघा. कोणी आखली नाही तरी पडली, कारण जवळची आहे आणि मधे माणसं बसलेली असतात. तुम्ही म्हणता त्या उत्तरेच्या कंपाउंडला लागून काय आहे? पलीकडे बंद पडलेल्या गोदामाची भिंत, अलीकडे झाडी, ना दुकान ना खिडकी. अंधार पडल्यावर तिथे काय चालतं हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. त्या बाजूने आम्ही दिवसाही जात नाही.

वाट कडेला नेली तर दिवेही कडेला जातील. पैसा एका वाटेला आहे, दोन वाटांना नाही. म्हणजे आम्ही अंधारातच जायचं, आणि फिरणाऱ्यांना दिव्यांची सावलीदार वाट. झाडं मलाही प्यारी आहेत. पण नकाशा करताना सकाळी सहाची बाग डोळ्यासमोर ठेवलीय, संध्याकाळी साडेसातची नाही.

मुरूमखडी

मी साइटवर काम करणारा माणूस आहे. वाट मधून की कडेने यावर भांडण्याआधी खाली माती कुठली आहे ते बघा.

बागेची वरची, उत्तरेची बाजू मुरमाड आहे. नाल्याकडे जाऊ तशी काळी माती लागते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर पेव्हर बसवला की पहिल्या वर्षी सपाट, दुसऱ्या वर्षी कुठे खड्डा कुठे उंचवटा, आणि वरवंटा कितीही फिरवला तरी हे टळत नाही. मग चालणारा ठेचकाळतो, व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकतं. यावर उपाय म्हणजे काळी माती काढून टाकायची, खाली जाड कापडासारखा जिओटेक्स्टाइल अंथरायचा आणि वर मुरूम-खडीचे थर दाबून घ्यायचे. पण त्याला खोदाई लागते, आणि बनात खोदाई केली तर पहाटवारा म्हणतात ते खरं होतं.

आता लोक म्हणतील, खोदू नका, वरच भराव टाका. तोही जाड टाकला तर मुळांना हवा मिळत नाही, झाड गुदमरतं. बनात चालेल ती फक्त हाताने पसरलेली मुरमाची पातळ वाट, तीही बुंध्यापासून लांब. तिच्यावर रोलर आणायचा नाही.

पहाटवाराला एक सांगतो. "उताराला आडवी" हे तुमचं बरोबर आहे. सरळ उतारावरून खाली नेलेली वाट पहिल्या मोठ्या पावसात ओढा होते आणि मुरूम वाहून नेते. पण आडवी नेलेली वाट वरून येणारं पाणी अडवते, हे तुम्ही धरलेलं नाही. आपल्याकडे पाऊस रिमझिम थोडाच येतो? सप्टेंबरात एका रात्रीत कोसळतो. वाटेला नाल्याकडे शंभराला दोन एवढा बारीक आडवा उतार द्या, वरच्या अंगाला चर काढा आणि ठरावीक अंतरावर वाटेखालून पाइप टाका. मोजणीच्या नकाशावर चरही नाही, पाइपही नाही. मधल्या वाटेला नाही आणि तुमच्या कडेच्या वाटेलाही नाही.

काठीवाले काका

मी स्पष्ट लिहितो. बागेत सायकल नकोच. आम्ही म्हाताऱ्यांनी कुठे जायचं? रस्त्यावर फुटपाथ नाही, असलाच तर त्यावर हातगाड्या. एक बाग उरली होती. मागून घंटी न वाजवता सायकल कानाजवळून गेली की छातीत धस्स होतं. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस परत उभा राहीलच असं नाही. पोरांना सायकल चालवायची असेल तर पालिकेने मैदान द्यावं. "सगळ्यांसाठी एकच वाट" ऐकायला गोड आहे, पण एका वाटेवर सगळे आले की जो हळू आहे तोच बाजूला सरकतो.

सायकल सिडको

काका, पाया पडतो तुमच्या, पण मैदान कोण द्यायलंय? हाय त्या मैदानावर बी गाळे व्हायलेत. मी बारावीला हाय, क्लासला सायकलीवर जातो. मेन रोडनं जायचं म्हणलं की ट्रॅव्हल्स अन् टँकर अंगावर येतेत. घरचे म्हणतेत, गाडी घे. बागेतून जागा भेटली तर माझ्यासारखे धा पोरं सायकलवर राहतील, नाहीतर सगळे स्कूटीवर यायलेत बघा. वेगाचं म्हणताव तर मधी मधी वळण द्या, रुंदी तेवढीच ठेवा, आपोआप हळू होतंय. सरळ रेघ कामून मारली तेच मला कळंना. आन् तीन मीटरमधी दोन माणसं जोडीनं चालली तरी बाजूनं एक सायकल नीट जाते, मी टेपनं मोजलंय.

काठीवाले काका

दोन माणसं जोडीने चालली तर जाते, बाळा. सकाळी आम्ही पाच जण जोडीने चालतो.

पहाटवारा

दोन नंबर गेटच्या ताई, तुमच्या मुद्द्याला बगल देणार नाही. बनातली पायवाट बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही, पण नकाशात ती दाखवा असंही म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणायला हवं. आता मागणी अशी करू: बनातली वाट आहे तिथेच, मुरूमखडी सांगतात तशी पातळ मुरमाची, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, आणि दिव्यांचे पहिले खांब तिथेच. खांबाचा खड्डा एका जागी असतो, तो मुळं चुकवून घेता येतो; केबलची चारी मात्र बनाबाहेरून फिरवावी लागेल. चाकांची वाट कडेने. काकांनाही बनात सायकल भेटणार नाही.

गोदामाच्या भिंतीचं ऐकून मी वाट कंपाउंडपासून आत घ्यायला तयार आहे, व्यायामाच्या साहित्याजवळून. तिथे रात्री नऊपर्यंत माणसं असतात. पण चिंचांखाली खोदाई नको, यावर मी मागे येणार नाही. हिमायतबागेत लांबलांबून माणसं सकाळी चालायला जातात. ते कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, लोक जातात ते आमराईच्या सावलीसाठी. आपल्याकडे तशी सावली दारात आहे.

चाकांवरची आई

इतका वेळ नुसतं वाचत होते. "चाकांची वाट कडेने" वाचलं आणि लिहायला बसले.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, व्हीलचेअरवर असतो. त्यालाही चिंचा पाडायच्या असतात. बाकीची पोरं बनात दंगा करतात तेव्हा आम्ही गेटजवळच्या बाकापाशी थांबतो, कारण पुढे मुरूम मोकळा आहे आणि चाकं रुततात. तुमच्या नव्या नकाशातही तो कडेनेच फिरणार आणि पोरं मधे खेळणार. झाडांची काळजी आणि माझ्या पोराची जागा यांत निवड करायला लावू नका. झाड वाचवायचं तर लाकडी किंवा लोखंडी जाळीची फळी खांबांवर, जमिनीच्या थोडी वर टाकता येते. खाली मुळांना पाणी-हवा मिळते, वरून चाक जातं. महाग आहे, पण सगळ्या बनातून नको, बनाच्या मधल्या पारापर्यंत एक फाटा पुरे.

आणि चढाचं बोलतच नाही कोणी. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, इथपर्यंत माणूस खुर्ची स्वतः ढकलू शकतो. रॅम्पला बारास एक चालतो, पण तो छोट्या टप्प्यांसाठी, मधे थांबायला सपाट जागा ठेवून. नाल्याकडून शाळेच्या गेटला चढताना आज जो उतार आहे तो मला दोन्ही हातांनी जोर लावूनही जड जातो. पहाटवारांची आडवी वाट इथे मला हवी आहे. लांब चालेल, उभी नको.

मुरूमखडी

ताई, फाट्याचं जमण्यासारखं आहे. लाकूड नको, वाळवी आणि ऊन दोन्ही खातील. गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्यावी, भोकं बारीक, म्हणजे पुढचं चाक आणि काकांची काठी अडकणार नाही. खांबाचे खड्डे हाताने खणायचे आणि मनगटाएवढं मूळ लागलं की खांब सरकवायचा. ही अट टेंडरमध्येच लिहावी लागते, नंतर तोंडी सांगून काही होत नाही.

रेघ ठरवायचीच असेल तर एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर सगळे चला. पाणी कुठे थांबतं तिथे खुंटी, कुठून वाहतं तिथे खुंटी. मग फक्की मारून वाट आखा आणि ताईंची खुर्ची तिच्यावरून ढकलून बघा. कागदावर दोन महिने भांडून जे कळणार नाही ते तासाभरात कळतं.

दोन नंबर गेट

संध्याकाळी साडेसातला चला म्हणजे झालं. सकाळी नको.

पायी वाट बनातून आणि पहिले दिवे तिथे, हे लेखी हरकतीत येणार असेल तर माझी सही आहे. पण चाकांची वाट व्यायामाच्या साहित्याजवळून घेतली तरी शेवटचा तुकडा शाळेच्या मागून जातोच. तो मला मान्य नाही आणि तसं मी वेगळं लिहून देणार आहे.

सायकल सिडको

येक राह्यलं. गेटवर काय लावणार? आत्ता बी बुलेटवाले आतून शॉर्टकट मारतेत. चांगली वाट झाली की अजून येतील.

चाकांवरची आई

याचं उत्तर मलाही हवंय. व्हीलचेअरला नव्वद सेंटिमीटरची मोकळी जागा लागते. मोटारसायकलचं हँडल तेवढ्यातून आरामात जातं. नागमोडी लोखंडी गेट बसवलं की गाडी अडते, पण सगळ्यांत आधी अडतो तो माझा मुलगा. दुसऱ्या एका बागेत हेच झालं, आम्ही तिथे जाणं सोडलं. दोन्ही गेटांवर पहाटेपासून रात्री बाग बंद होईपर्यंत माणूस लागेल, आणि त्याचा पगार या अंदाजपत्रकात कुठेच धरलेला नाही.